सातपुड्यापलीकडची नदी आणि दिल्लीचा एक बँड

(दहावी १९९७च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, ‘शाळेनंतर सापडलेलं काहीतरी’ या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि एकच विषय दिला आहे : शाळा सोडल्यावर तुम्हाला सापडलेली एक गोष्ट. माझ्या आधी पपईच्या बागेबद्दल बोलणं झालं, त्याच्या आधी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल. मी गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे आता कॉम्प्युटर आपल्या पोरांच्या नोकऱ्या खाणार का, ते मी सांगेन, अशी बऱ्याच जणांची अपेक्षा दिसते. तो प्रश्न चहाच्या वेळी विचारा. मी एका बँडबद्दल बोलणार आहे.

आपल्या शहाद्यात बँड म्हटलं की लग्नातला बँड. बेंजो, ढोल, पुढे डोक्यावर दिवे घेतलेल्या बायका आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे नाचणारे मामा. मी म्हणते तो बँड दिल्लीचा. नाव इंडियन ओशन, म्हणजे हिंदी महासागर. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसांनी असं नाव घेतलं, तेही आपल्यासारखंच. आपल्याही गॅदरिंगमध्ये दर वर्षी कोळीगीत असायचंच.

२००१ साली मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. होस्टेलच्या आमच्या खोलीत तिघी आणि एक टेपरेकॉर्डर. एका सीनिअरनं ‘कांदीसा’ नावाची कॅसेट ऐकायला दिली. २००० साली टाइम्स म्युझिकनं काढलेली, सात गाण्यांची. सिनेमाची नाही, गझलची नाही, भक्तिगीतांची नाही. दुकानदार असली कॅसेट ‘फ्यूजन’ असं लिहिलेल्या कप्प्यात टाकायचे, कारण दुसऱ्या कुठल्याच कप्प्यात ती बसत नव्हती.

आम्ही ती लावली. तबला आहे, पण मैफिलीतला नाही. ड्रम आहेत, पण इंग्रजी गाण्यातला धांगडधिंगा नाही. गिटार मध्येच सतारीसारखी चालायला लागते. एक गाणं भोजपुरीत, ‘हिल्ले ले’ नावाचं. ते गोरख पांडे या क्रांतिकारी कवीचं आहे, हे मला नंतर कळलं. एका गाण्यात शब्दच नाहीत, नुसतं वाजवणं, त्याचं नाव ‘लीव्हिंग होम’. घर सोडून आलेल्या तिघींना त्याचं वेगळं स्पष्टीकरण लागलं नाही.

मग ‘कांदीसा’ हे गाणं लागलं. सुरुवात संथ, मग आवाज चढत जातो. भाषा कुठली ते कळेना. मला वाटलं संस्कृत असेल, दुसरी म्हणाली अरबी. आमची तिसरी, कोट्टायमची, अंथरुणावर पडून पुस्तक वाचत होती. ती उठून बसली आणि म्हणाली, “हे आमच्या चर्चचं आहे. माझी आजी म्हणते हे.”

तिचं म्हणणं खरं होतं. केरळच्या सीरियन ख्रिश्चन लोकांमध्ये शेकडो वर्षं म्हटली जाणारी ही प्रार्थना. भाषा सिरियाक, म्हणजे येशू ख्रिस्त बोलत असे त्या अरामाइकच्या घराण्यातली. ‘कांदीसा’ म्हणजे पवित्र. तिच्या आजीलाही त्यातला शब्द न् शब्द कळत नसे, पण आजी ती बरोबर म्हणायची, कारण तिच्या आजीनं तिला तशी शिकवली होती. बँडमधल्या राहुल राम यांना ती केरळच्या एका मित्राकडून मिळाली होती.

त्याच कॅसेटवर पुढे ‘मा रेवा’ लागलं, आणि तेव्हा उठून बसायची पाळी माझी होती. रेवा म्हणजे आपली नर्मदा.

आता इथे थोडं थांबून या माणसांची ओळख करून देते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

हा बँड १९९० साली सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती या दोघांनी सुरू केला. सुस्मित गिटारवर. असीम तबला वाजवायचे आणि वाजवता वाजवता गायचे. वाचायला सोपं वाटतं. एका हातानं पोळी लाटत दुसऱ्या हातानं पोराचा अभ्यास घेणाऱ्या आयांनाच त्याची कल्पना येईल. १९९१ मध्ये बास गिटार घेऊन राहुल राम आले. हे आयआयटी कानपूरचे रसायनशास्त्रातले एमएस्सी आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे पीएचडी. विषय पर्यावरणातली विषद्रव्यं. परत आल्यावर त्यांनी प्रयोगशाळा धरली नाही. ते नर्मदा बचाव आंदोलनात गेले, खोऱ्यात राहिले आणि जोडीनं बँडही चालू ठेवला. १९९४ मध्ये अमित किलम ड्रमवर आले. ते बंगालच्या बाउल गायकांचं गबगुबी हे वाद्यही वाजवतात. या चौघांनी मिळून पुढची पंधरा वर्षं काढली.

यांना इंडी बँड म्हणतात. इंडी म्हणजे सिनेमाच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या भरवशावर न राहता आपलं गाणं आपण करणारे. त्याची किंमतही असते. पहिली कॅसेट १९९३ मध्ये एचएमव्हीनं काढली. त्यानंतर वर्षानुवर्षं कुणी कंपनी पुढे येईना. मग १ जानेवारी १९९७ ला, सफदर हाश्मींच्या आठवणीसाठी सहमत संस्थेनं दिल्लीत भरवलेल्या कार्यक्रमात हे वाजवले, त्याचं जे ध्वनिमुद्रण झालं तोच त्यांचा दुसरा अल्बम झाला, ‘डेझर्ट रेन’. स्टुडिओ नाही, पुन्हा घेणं नाही. जे वाजलं ते वाजलं.

मला त्यांच्या कामाची पद्धत फार आवडते, आणि हे मी माझ्या धंद्यातली माणूस म्हणून सांगते. दिल्लीत करोलबागेतल्या एका जुन्या बंगल्यात ते रोज जमायचे. पत्ता १६/३३०, खजूर रोड. तिथे बसायचं, वाजवत राहायचं, कुणाला एखादी चाल सुचली की बाकीचे त्यात आपापलं घालून बघणार. गाणं असं घडायचं. एकानं लिहून आणलं आणि बाकीच्यांनी वाजवलं, असं नव्हतं. सुस्मितची गिटार रागदारीच्या अंगानं जाते म्हणून राहुल आपली बास गिटार तशी करत नाहीत. अमितचे ड्रम आले म्हणून असीमचा तबला गप्प बसत नाही. मिसळीत मटकी मटकीच राहते आणि फरसाण फरसाणच राहतं, तसं. सगळं मिक्सरमधून काढलं असतं तर त्याची चटणी झाली असती. बाजारात फ्यूजनच्या नावानं जे मिळतं त्यातलं बरंचसं मला चटणीसारखं लागतं.

आता परत ‘मा रेवा’कडे. हे नर्मदाकाठचं पारंपरिक गाणं. आंदोलनाच्या दिवसांत राहुल राम यांना ते खोऱ्यात मिळालं आणि त्यांनी ते बँडकडे आणलं.

आपल्याला भूगोलात नर्मदा होती. सर समोर बसलेत, म्हणून बरोबर सांगते : पश्चिमवाहिनी नदी, खचदरीतून वाहते, महाराष्ट्राच्या सीमेवरून ५४ किलोमीटर वाहते. एक मार्क. ते ५४ किलोमीटर सगळेच्या सगळे आपल्याच जिल्ह्यात. तेव्हा तो धुळे जिल्हा होता. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला, आपण बाहेर पडल्यावर. आपली नदी गोमाई, आपली मोठी नदी तापी, आपली यात्रा प्रकाशाची. नर्मदा सातपुड्याच्या पलीकडे.

आणि पलीकडे काय चाललं होतं? सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं जाणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. पहिलं पाणी चढलं मणिबेलीत, १९९३ मध्ये. आपण तेव्हा सातवीत होतो. पुनर्वसनाच्या वसाहती तळोद्याकडे उभ्या राहिल्या. वसतिगृहात राहून आपल्या वर्गात शिकणारी काही मुलं त्या डोंगरातली होती. ‘कांदीसा’ अल्बम आला त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि धरणाचं थांबलेलं काम पुढे सुरू झालं.

धरण हवं होतं की नको, यावर या सभागृहात चार मतं असतील, आणि ज्यांच्या शेताला पाणी हवं त्यांचं मतही मला ठाऊक आहे. तो वाद मी आज काढत नाही. एवढंच सांगते की सातपुड्यापलीकडची ती नदी माझ्या कानापर्यंत आली ती दिल्लीच्या चार माणसांच्या कॅसेटवरून, पुण्यात, केरळच्या मैत्रिणीशेजारी बसून. सोबत तिच्या आजीची प्रार्थनाही होती. दोन्ही एकाच कॅसेटवर, आणि कुणीही कुणाच्यासारखं झालेलं नव्हतं.

त्यानंतर हा बँड माझ्याबरोबर राहिला. माझी पहिली नोकरी लागली त्या सुमाराला त्यांचं ‘झीनी’ आलं. मग ‘ब्लॅक फ्रायडे’. १९९३ च्या मुंबईच्या बॉम्बस्फोटांवरचा अनुराग कश्यप यांचा सिनेमा. त्यातलं पीयूष मिश्रांनी लिहिलेलं ‘बंदे’ तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलेलं असणार. सिनेमा न्यायालयात अडकून २००७ मध्ये प्रदर्शित झाला, गाणी मात्र त्याच्या आधीच लोकांच्या तोंडी होती. अलीकडे ‘मसान’मधलं रेल्वे आणि पुलाचं गाणं तुमच्या मुलांनी नक्की ऐकलंय. तेही यांचंच. शब्द वरुण ग्रोव्हर यांचे, आवाज आपल्या स्वानंद किरकिरे यांचा.

२५ डिसेंबर २००९ ला असीम चक्रवर्ती हृदयविकारानं गेले. आमच्या क्षेत्रात एक भीती कायम असते. सगळं काम एकाच माणसाच्या डोक्यात असलं आणि तो उद्या आला नाही, तर काय? इथे तर तो माणूस तबलाही होता आणि आवाजही. त्यांच्या जागी बँडला दोन माणसं घ्यावी लागली : तबल्याला तुहीन चक्रवर्ती आणि गायला हिमांशु जोशी.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. असीम असताना ध्वनिमुद्रित झालेली सात गाणी तयार होती. २०१० पासून त्यांनी दर महिन्याला एक गाणं आपल्या संकेतस्थळावर ठेवलं. कुणीही उतरवून घ्यावं, फुकट. अल्बमचं नाव ठेवलं, ‘१६/३३० खजूर रोड’, त्या बंगल्याचा पत्ता. मी ती गाणी बंगळूरच्या ऑफिसात बसून दर महिन्याला उतरवून घेतली. गेलेल्या माणसाचा आवाज सात महिने दर महिन्याला एकदा येत होता. २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले आणि निखिल राव आले. २०१४ मध्ये ‘तांडानू’, शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट अशा पाहुण्यांबरोबर. २०२३ मध्ये ‘तू है’. म्हणजे सुरुवात करणारे दोघेही आज त्यात नाहीत, तरी बँड आहे.

मध्यंतरी पुण्यात त्यांना प्रत्यक्ष ऐकलं. ‘कांदीसा’ सुरू झाल्यावर अख्खं मैदान गायला लागलं. विशीतली पोरं. त्यातल्या कितीजणांना सिरियाक येत असेल? मला त्यातलं आजही काही कळत नाही. या बँडनं मला काय दिलं, असं विचाराल तर हेच. न कळणारी भाषाही बसून, पूर्ण ऐकावी. आधी आपल्या भाषेत करून द्या, मग ऐकतो, असं म्हणू नये.

ही सवय कामाला आली ती दोन वर्षांपूर्वी. आपला व्हॉट्सअॅप ग्रुप सुरू झाल्यावर मी वसतिगृहातल्या आपल्या एका मित्राला ‘मा रेवा’ पाठवलं. तो आज आश्रमशाळेत शिक्षक आहे. नाव घेऊ नको म्हणालाय, समोरच बसलाय, आणि हे सांगू का म्हणून मी त्याला आधी विचारलंय. त्याचं गाव त्या ३३ मधलं. त्यानं गाणं ऐकलं आणि रात्री फोन केला. म्हणाला, “ताई, गाणं चांगलंय. पण हे वरच्या अंगाचं, परिक्रमावाल्यांचं वाटतं. आमचं असं नाही. आमच्याकडे इंदलच्या पूजेला रात्रभर गायणं चालतं. दुनिया कशी झाली, नदी कशी निघाली, कुठून कुठून समुद्राला गेली, सगळं त्यात येतं.”

मी विचारलं, अजून कोण म्हणतं?

तो म्हणाला, “म्हणणारे आहेत, पण मोजके. वसाहतीत आल्यावर गावं फुटली. एक कुटुंब इथे, एक तिथे. गायणं म्हणायला माणसंही लागतात आणि हुंकार भरणारेही लागतात.”

पुढच्या महिन्यात त्यानं मला मोबाइलवर केलेलं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्याच्या चुलत्यांचा आवाज. पावरी बोली. मला त्यातले ‘नरबदा’सारखे वाटणारे दोन-तीन उच्चार सोडले तर काहीच लागलं नाही. मी ते हेडफोन लावून तीन वेळा पूर्ण ऐकलं. अधूनमधून मागे कोंबडा आरवतो, एक मोटरसायकल जाते, आजोबा खोकतात आणि जिथे सोडलं तिथूनच अचूक पुढे उचलतात.

म्हणून आज माझी या सभेला एक विनंती आहे.

आपल्या वर्गात पाटावर बसायचो तेव्हा साठ मुलं होती. घरी कुणी अहिराणी बोलायचं, कुणी गुजरी, कुणी भिली, कुणी पावरी, कुणी मारवाडी. साडेदहाची घंटा झाली की सगळ्यांची प्रमाण मराठी. ती आपल्याला बाईंनी उत्तम शिकवली, तिच्यावरच मी आज इथे उभी आहे. पण त्या साठ घरांतली गाणी अजून आहेत. जात्यावरची, हळदीची, होळीची, कानबाईची, गायणं. ती ज्यांना येतात त्या आपल्या आया, आत्या, मामा आता पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. काठीच्या होळीचे व्हिडिओ तर हजारोंनी निघतात, पण त्यात दिसतात मोरपिसांचे टोप. शब्द ढोलाखाली जातात.

तर पुढच्या वर्षभरात प्रत्येकानं आपल्या घरातलं एक तरी गाणं रेकॉर्ड करावं. करायचं कसं, ते सांगते, कारण एवढं तांत्रिक ज्ञान मला आहे. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच कुणाचा तरी फोन येईल. पंखा बंद करा. फोन गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर, उशीवर किंवा घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा, हातात धरू नका. सुरुवातीला गाणाऱ्याचं नाव, गाव, बोली आणि गाणं कधी म्हणतात ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या. ठेवू का, इतरांना ऐकवू का, हे त्यांना विचारा आणि त्यांचं उत्तरही रेकॉर्ड करा. नाही म्हणाल्या तर नाही. खोकला, कोंबडा काही कापू नका. आणि फाइल व्हॉट्सअॅपवर नुसती पाठवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, म्हणजे आवाज जसा आहे तसा येतो. अर्थ लिहून आला तर उत्तम, नाही आला तरी पाठवा.

साठवण्याचं काम माझं. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयातल्या संगणकावर, दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर, प्रत्येक गाण्यापुढे गाणाऱ्याचं नाव. मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, त्यांनी एक कपाट आणि एक संगणक द्यायचं कबूल केलंय. पावरी आणि भिलीसाठी आपला आश्रमशाळेतला मित्र मदत करेल. अहिराणीला माणसं शोधायची गरज नाही, ती मागच्या तीन रांगांत बसलीत आणि मघापासून बोलतायत.

ज्यांना इंडियन ओशन ऐकायचंय त्यांनी ‘कांदीसा’पासून सुरू करावं. सातही गाणी, क्रमानं, मधली न गाळता. आणि जेवणानंतर वरच्या मजल्यावर, आपल्या जुन्या दहावी ‘ब’च्या वर्गात, आपला मित्र ते अकरा मिनिटांचं गायणं ऐकवणार आहे. ज्यांचा आवाज आहे ते काकाही आलेत. बासुंदी जरा बेतानंच घ्या, नाहीतर झोप लागेल, आणि ते मधे हुंकार मागतात.